रोज एक वाक्प्रचार

शेजारच्या आप्पांची लेक लेस्टरला असते. तिच्या बाळंतपणासाठी आप्पा-काकू पुढच्या महिन्यात निघालेत. काकूंची तयारी डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपांची, आप्पांची इंग्रजी वाक्प्रचारांची. कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी एक वाक्प्रचार धाडतं. तो त्याच दिवशी कुणावर तरी वापरला नाही, तर आप्पांना रात्री जेवण जात नाही.

माझी रविवार दुपारची झोप वाचकांना ठाऊक आहे. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"बहिणीकडे किती दिवसांनी जाता हो?"

"दर आठवड्याला. कोथरूडलाच तर असते."

आप्पांचा चेहरा पडला. "मग डॉक्टरकडे?"

"बीपीसाठी दर महिन्याला."

"अहो, क्वचित जाता असं एक तरी ठिकाण असेल ना!"

मी व्यायामशाळेचं नाव घेतलं. "वन्स इन अ ब्लू मून!" आप्पा आनंदानं ओरडले आणि आपल्या घरात शिरले. माझी झोप गेली ती गेलीच.

परवा पाऊस आला आणि अर्थातच 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' आलं. हे शब्द जोनाथन स्विफ्टच्या 1738 सालच्या एका पुस्तकात आहेत. उच्चभ्रू मंडळी ठोकळेबाज वाक्यं फेकून गप्पा कशा मारतात, याची त्यात टर उडवली आहे. बड्या घरांत बसून अशी वाक्यं वहीत टिपणारा आणि ती इतरांना शिकवायला निघालेला एक इसमही त्यात आहे. वही आप्पांकडेही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.

मात्र त्याच संध्याकाळी पाण्याचा टँकर तीन तास उशिरा आला. तोवर सगळ्यांनी बादल्या विकतच्या पाण्यानं भरल्या होत्या. आप्पा गॅलरीतून गरजले, "आलं बघा वरातीमागून घोडं!" वही आत टेबलावर होती.

यावरून आमचा मराठीचा पेपर आठवला. 'वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' अर्थ कुणालाच धड येत नसे, पण वाक्याची चिंता नव्हती, कारण शिवाजी महाराज पाठीशी होते. धूळ चारणे, पाणी पाजणे, नामोहरम करणे, तोंडचे पाणी पळणे: काहीही येवो, समोर मोगल उभे करायचे की गुण पक्का. अख्खा वर्ग वर्षभर गडावरच असे. आई, शेजारी, दूधवाला ही माणसं आमच्या वाक्यांत कधी आलीच नाहीत. शेवटी बाई वैतागल्या. सहामाहीला त्यांनी मुद्दाम 'पोटात कावळे ओरडणे' घातलं. आता कार्टी झक मारत स्वयंपाकघरात येतील, हा हिशेब.

मागच्या बाकावरच्यानं लिहिलं, "किल्ला लढवता लढवता मावळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले."

बाईंनी पूर्ण गुण दिला.