जांभ्यावरची तिसरी तार

वैशाख सरत आला की दापोली तालुक्यात आगोटीच्या कामांची एकच घाई उडते. पहिल्या सरीपूर्वी घर शाकारले गेले पाहिजे, पडवीचे कुजलेले वासे बदलले पाहिजेत, पावसाळी पत्र्यांचा मांडव उभा राहिला पाहिजे. ही सारी कामे एके काळी करवत, रंधा, पटाशी आणि मनगट यांच्या बळावर होत. आज सुताराच्या पिशवीतून विजेचे ड्रिल निघते, गवंडी जांभ्याचा चिरा कटरने कापतो आणि लोखंडी गजांवर ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. याबद्दल हळहळण्याचे काहीच कारण नाही. ज्या कामाला दोन दिवस लागत ते दोन तासांत होत असेल, आणि कामकऱ्याच्या खांद्याची झीज वाचत असेल, तर यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्र घरात आले, त्याच्यासोबत जी शिस्त यावयास हवी ती मात्र अजून उंबरठ्याबाहेरच तिष्ठत उभी आहे.

कोणत्याही खळ्यात चालू असलेले काम पाहावे. ड्रिलची वायर दोन ठिकाणी तुटून चिकटपट्टीने जोडलेली असते. तिच्या टोकाचा प्लग केव्हाच नाहीसा झालेला असतो आणि दोन उघड्या तारा भिंतीवरील सॉकेटच्या भोकांत काडीने खोचलेल्या असतात. तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, एक तर मुळातच कापून टाकलेली असते, नाही तर अडचण नको म्हणून मागे दुमडून ठेवलेली असते. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या मातीत पडलेला असतो आणि चिरा कापताना धूळ उडू नये म्हणून एक पोरगा कटरवर तांब्याने पाणी ओतीत असतो. घरमालक ओटीवर चहा घेत हे सारे पाहतो. त्याला यात वावगे असे काही दिसत नाही!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली व मंडणगड या तालुक्यांची त्याने दैना केली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हजारो घरांची छपरे उडाली, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. वीज परत आली ती भर पावसाळ्यात, आणि मोडलेली घरे उभी करण्याचे कामही भर पावसाळ्यातच करावे लागले. भिजलेल्या भिंती, ओली जमीन, अनवाणी पाय आणि हातात वायरीचे हत्यार, हा योग किती घातक आहे याचा विचार निदान त्या वर्षापासून तरी गंभीरपणे व्हावयास हवा होता.

आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरडी त्वचा थोडाफार तरी अडसर घालते. ओल्या देहाचा विरोध सुमारे हजार ओहमपर्यंत खाली येतो. म्हणजे घामेजलेल्या हाताने सदोष ड्रिल धरणाऱ्या आणि चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून २०० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ शकतो. बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर जे प्रयोग केले, त्यांत पुरुषांना साधारण १६ मिलिअँपिअरच्या पुढे हातातील वस्तू सोडता येईनाशी होते असे आढळले. मूठ आपोआप आवळली जाते. ‘त्याने सोडून का नाही दिले?’ असा प्रश्न अपघातानंतर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर हे आहे.

या धोक्यावरचा जुना उपाय म्हणजे ती तिसरी तार. हत्याराच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर ती या तारेने जमिनीत जावी, प्रवाह एकदम वाढावा आणि फ्यूज उडावा, अशी ही योजना आहे. योजना उत्तम आहे; परंतु तिला चांगली जमीन लागते, आणि दापोलीची गोम नेमकी इथे आहे. या तालुक्याचा मोठा भाग जांभ्याच्या सड्यावर वसलेला आहे. पावसाळ्यात हा दगड पाणी पितो खरा, पण मे महिन्यात तो खडखडीत कोरडा असतो, आणि कोरडा कातळ विजेला सहजासहजी वाट देत नाही. समजा, या वाटेचा विरोध सर्व मिळून ५० ओहम भरला. २३० ला ५० ने भागले की प्रवाह येतो जेमतेम साडेचार अँपिअर. सोळा अँपिअरचा फ्यूज याने कसा उडणार? तो जागच्या जागी स्वस्थ बसतो, हत्याराचे अंग जिवंत राहते आणि अर्थिंग केले आहे या भरवशावर कामकरी त्याला हात घालतो. खड्डा खणून त्यात पट्टी, कोळसा आणि मीठ घातले म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत या भूमीत तरी सोडून दिली पाहिजे. तो खड्डा ओला ठेवावा लागतो आणि त्याचा विरोध मापकाने मोजून घ्यावा लागतो.

अशा जमिनीवर खरी भिस्त ठेवावयाची ती गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर. बाजारात तो आरसीसीबी या नावाने मिळतो. त्याचे तत्त्व सोपे आहे. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही तारा एका कड्यातून जातात. जितकी वीज गेली तितकीच परत आली तर स्विच शांत राहतो. थोडीशी जरी माणसाच्या देहातून जमिनीकडे निसटली तरी तोल बिघडतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तुटतो. ३० मिलिअँपिअरचा स्विच वर सांगितलेल्या साडेचार अँपिअरला तर तत्काळ दाद देईलच, पण तिसरी तार तुटलेली असली तरीही तो माणसाला वाचवू शकतो. एक मर्यादा मात्र आहे. कोणी दोन्ही तारा एकदम दोन हातांत धरल्या, तर तोल बिघडत नाही आणि स्विच पडत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर काडीने तारा खोचण्याचा परवाना कोणी घेऊ नये. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, हेही ओघाने आलेच.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी घरगुती जोडणीसाठी अशा साधनाची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरविलेली आहे. पण लहान भाराच्या जोडणीला त्यातून सूट आहे. म्हणजे ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्याला संरक्षण सक्तीचे, आणि ज्याच्या खळ्यात गवंड्याचा कटर चालतो त्याला ऐच्छिक! हा न्याय आम्हांला उमगत नाही. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागी हातातील हत्यारे साधारणतः ११० व्होल्टवर चालवितात, आणि तेथील रोहित्राची रचना अशी असते की कोणत्याही तारेचा जमिनीशी दाब ५५ व्होल्टच राहतो. माणूस चुकणारच असे गृहीत धरून ही व्यवस्था केलेली आहे. आपण मात्र चुकलेल्या माणसालाच दोष देऊन मोकळे होतो.

हत्याराचेही काही नियम आहेत. चौकोनात चौकोन अशी खूण असलेले हत्यार दुहेरी आवरणाचे असते. त्याला तिसरी तार नसते आणि लागतही नाही. परंतु त्याचे कवच तडकले वा आत पाणी गेले की ते संरक्षण संपले. ग्राइंडरची जाळी काढून मोठी चकती बसविण्याची जी खोड सर्वत्र बोकाळली आहे ती तर आत्मघातकीच म्हटली पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. सात इंची चकती तेवढ्या वेगासाठी घडविलेलीच नसते, आणि ती फुटली म्हणजे तिचे तुकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. चकती बदलताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो.

पण हे सर्व एकट्या कामकऱ्यालाच ऐकवावे काय? तो रोजावर आलेला माणूस. हत्यार ठेकेदाराचे, सॉकेट मालकाचे, घाईदेखील मालकाचीच. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांची कामे आणि दहा लाख रुपयांपर्यंतचे स्वतःचे घर आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. दापोलीतील आगोटीचे बहुतेक काम या मापात बसते. जिथे निरीक्षक येणार नाही तिथे मालकानेच निरीक्षक व्हावयाचे, याला दुसरा पर्याय नाही. आणि हा मालक कोण? पुष्कळदा तो मुंबईत वा पुण्यात राहणारा, हे वृत्तपत्र वाचणारा सुशिक्षित गृहस्थच असतो. गावच्या घराच्या दुरुस्तीचे पैसे तो पाठवितो, फरशीचा रंग दूरध्वनीवरून ठरवितो, पण मुख्य बोर्डावर गळतीचा स्विच आहे की नाही हे विचारीत नाही. त्या स्विचची किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या घरात आहे. खासगी मोटारीने मुंबईहून दापोलीला जाऊन येण्यास इंधनाचा याहून फारसा कमी खर्च येत नाही.

महावितरणने नवी जोडणी देताना व वाढीव भार मंजूर करताना, भार कितीही असो, हा स्विच पाहिल्यावाचून मीटर बसवू नये. कोकणातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मे महिन्यात अर्थिंग मोजून देण्याची मोहीम काढावी. विद्यार्थ्यांना तो सरावही होईल. आणि ज्यांचे घर त्या सड्यावर आहे त्यांनी या आठवड्यातच परवानाधारक वायरमनला बोलावून मुख्य बोर्ड उघडावयास लावावा. मृगाला आता फार दिवस उरलेले नाहीत.