दोषाचा वाटा

हर्नडनला जवळच्या वॉशिंग्टन शहरात एका प्रशासकीय न्यायाधीशाने २००५ साली एका पॅन्टपायी चुंग या कोरियन कुटुंबाच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर दावा लावला. खटला उभा राहिला तेव्हा मागणी होती ५ कोटी ४० लाख डॉलर्सची! २००७ साली चुंग जिंकले, पण त्याच वर्षी ते दुकान बंद झाले. परदेशी येऊन पोट भरणाऱ्यांची ही गत पाहून आम्हांस त्या दाव्याचे हसू येत नाही.

तथापि प्रत्येक दावा पोरकट नसतो. न्यू मेक्सिकोत १९९४ साली मॅकडॉनल्ड्‌सच्या कढत कॉफीने गंभीर भाजलेल्या वृद्धेचा वीस टक्के दोष ज्यूरीने धरला. नुकसानभरपाई दोन लाखांवरून एक लाख साठ हजार डॉलर्सवर आली. (दंडाची रक्कम निराळी.) आपल्या व्हर्जिनियात मात्र हयगयीच्या दाव्यात फिर्यादीची अल्पशी हयगयही अपघातास कारण ठरली, तर सामान्यतः छदामही मिळत नाही. याने पोरकट दावे थांबतात, असे कोणी म्हणेल. परंतु पॅन्टचा दावा ग्राहक-संरक्षण कायद्याखालचा होता. त्यास हा नियम आडवा येताच ना. तो आडवा येतो खरोखर जखमी झालेल्यास. रिचमंडच्या विधिमंडळाने न्यू मेक्सिकोची रीत स्वीकारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.