सरासरीचे उपासक

पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत व ब्रेस्टहून परत अशी सुमारें १२०० किलोमीटरांची सायकलयात्रा ९० तासांच्या आंत पुरी करून आलेले आमचे एक स्नेही मध्यंतरी भेटावयास आले होते. त्यांच्या पराक्रमाबद्दल आमच्या मनांत आदर आहे, आणि तो या लेखाच्या शेवटापर्यंत टिकेल असा भरंवसा आम्ही वाचकांस देतों. कुशलप्रश्न झाल्यावर आम्हीं सहज विचारलें, "वाटेंत नद्या कोणकोणत्या लागल्या?" स्नेह्यांनीं थोडा विचार करून एकच नांव सांगितलें: एलोर्न. ब्रेस्टजवळ या नदीच्या मुखावर १९३० सालीं खुला झालेला जुना पूल आहे. त्यावर यात्रेकरूंनीं आपलें छायाचित्र काढून घ्यावें अशी वहिवाट पडली आहे, म्हणून तें नांव लक्षांत राहिलें. जेथून यात्रा सुटते तें रांबुयेचें अरण्य त्यांना 'सुरुवातीचा सोपा टप्पा' म्हणून आठवत होतें. मात्र सरासरी वेग किती पडला, कोणत्या चढावर हृदयाचे ठोके किती झाले, पायडलावर किती वॅट शक्ति खर्चीं पडली, कोणत्या ठाण्यावर किती मिनिटें 'वाया गेलीं', हें सर्व त्यांनीं खिशांतील यंत्राकडे न पाहतां घडाघडा म्हणून दाखविलें.

एका गृहस्थाची विस्मृति हा निबंधाचा विषय होऊं शकत नाहीं. परंतु २०१५, २०१९ आणि २०२३ या तिन्ही खेपांस महाराष्ट्रांतून स्वार या यात्रेस गेले. त्यांपैकीं अनेकांचीं निवेदनें आम्हीं ऐकलीं व वाचलीं, आणि बहुतेकांत आम्हांस फ्रान्स सांपडला नाहीं. घाटांत, पहांटेच्या अंधारांत, २०० पासून ६०० किलोमीटरांपर्यंतच्या पात्रतेच्या फेऱ्या पुऱ्या करावयाच्या, पदरचे लाखों रुपये खर्चावयाचे, आणि ज्या देशांत जावयाचें त्या देशाकडे पाठ फिरवून आंकड्यांकडे तोंड करावयाचें, ही कोणती रीत? आमचें म्हणणें स्पष्ट आहे: सरासरी वेगावरून सायकलप्रवासाची योग्यता ठरविण्याची रीत मुळांतच खोटी आहे; आणि अरण्यांतून व नदीकांठानें जाणाऱ्या लहान रस्त्यांना तर ती घातक आहे.

"नियमच ९० तासांचा, मग घड्याळाकडे पाहूं नये तर काय करावें?" असें कोणी म्हणेल. घड्याळाकडे अवश्य पाहावें, पण जरा नीट पाहावें. ताशीं वीस किलोमीटरांच्या चालीनें १२०० किलोमीटरांस साठ तास लागतात. म्हणजे तीस तास यात्रेच्या नियमानेंच स्वाराच्या पदरीं टाकले आहेत. हे तीस तास झोंपेचे आहेत, जेवणाचे आहेत, आणि मध्यरात्रीं ब्रिटनीच्या एखाद्या खेड्यांत घरापुढें मेज मांडून अनोळखी स्वारांना कॉफी पाजणाऱ्या म्हातारीजवळ दोन घटका उभें राहण्याचेही आहेत. निकालांत पहिला, दुसरा असा क्रम लावीत नाहींत. फार लवकर पोंचणारास ठाणें उघडेपर्यंत थांबावें लागतें. ज्यांनीं नियम केले ते शर्यत करूं इच्छीत नव्हते. शर्यत आमच्या लोकांनीं आपल्या डोक्यांतून नेली आहे.

हें खूळ आजचें नव्हे, आणि त्याचा उगमही फ्रान्सांतच आहे. आंरी देग्रांज यानें १८९३ सालीं एका तासांत ३५ किलोमीटर ३२५ मीटर अंतर तोडून तासाच्या विक्रमाची परंपरा सुरू केली. पुढें हाच गृहस्थ 'लोतो' या वृत्तपत्राचा संपादक झाला, आणि पत्राचा खप वाढावा म्हणून १९०३ सालीं फ्रान्सभर फिरणारी ती जगप्रसिद्ध शर्यत निघाली. त्याच काळीं सेंत-एतिएन येथें पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें सायकलप्रवासाविषयींचें मासिक चालवीत होता. तें त्यानें १८८७ सालीं काढलें होतें. चढावर एक गति, सपाटीवर दुसरी, असें चाक पाहिजे, हा त्याचा ध्यास. त्यासाठीं त्यानें एकाच सायकलीस दोन साखळ्या लावण्यापासून नाना खटपटी केल्या. देग्रांजला हें पसंत नव्हतें. गिअर बदलणें हें पंचेचाळिशी उलटलेल्यांचें काम, खऱ्या मर्दानें एकाच गिअरावर स्नायूंच्या बळानें जिंकावें, असें मत त्यानें १९०२ सालींच जाहीर केलें. त्याच्या शर्यतींतील बिचारे वीर आल्प्सच्या पायथ्याशीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत, आणि मग चढूं लागत. साखळी सरकविणाऱ्या गिअराला त्या शर्यतींत प्रवेश मिळाला तो १९३७ सालीं. तोंवर व्हेलोसिओस मरून सात वर्षें झालीं होतीं. आज एकही शर्यतवीर त्या गिअरावांचून घराबाहेर पडत नाहीं. प्रवाशाचें हत्यार घेतलें आणि प्रवाशाची दृष्टि टाकून दिली, असा हा व्यवहार आहे.

येथें एक गैरसमज काढून टाकणें अवश्य आहे. व्हेलोसिओ हा आळशी नव्हता. रात्रंदिवस सायकल हांकून शेंकडों किलोमीटर तोडणें हा त्याचा नित्याचा छंद होता. पण नवख्यांस केलेल्या त्याच्या उपदेशांत भूक लागण्यापूर्वीं खाणें आहे, थकण्यापूर्वीं थांबणें आहे, आणि केवळ फुशारकीसाठीं पायडल मारूं नये हेंही आहे. तेव्हां लांब पल्ल्याशीं आमचें भांडण नाहीं. शरीर शिणवण्यांत जो आनंद आहे तोही आम्हांस ठाऊक आहे. भांडण आहे तें या समजुतीशीं कीं, जें यंत्रांत उतरलें नाहीं तें घडलेंच नाहीं.

आम्हांस स्वतःला फ्रान्सचें जें रान परिचित आहे तें ब्रेस्टच्या वाटेवर नाहीं. तें देशाच्या अगदीं मध्यभागीं आहे, त्रोंसेचें. त्याच्या पश्चिमेस शेर नांवाची नदी वाहते. आमच्याकडे शेर हें जुन्या मापाचें नांव. तेथें ती माप न जुमानणारी एक संथ नदी आहे, आणि पुढें ती ल्वारेस मिळते. मोन या गांवाजवळ तिला ओमांस ही लहानशी नदी येऊन मिळते. ओमांसच्या कांठानें वर चढत गेलें म्हणजे एरिसों हें खेडें लागतें. नदीवर पूल, पुलावरून दिसणारा पडका किल्ला, आणि गांवांतून वर जाणारा असा कांहीं चढ कीं आम्ही मुकाट्यानें उतरून सायकल हातीं धरून चाललों. (देग्रांजच्या दृष्टीनें आम्ही पंचेचाळिशी उलटलेलेच आहों.)

अरण्याचें क्षेत्र दहा हजार हेक्टरांहून अधिक. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें १६६९ सालीं 'पाणी आणि अरण्यें' यांविषयीं सुप्रसिद्ध निर्बंध काढला, आणि पाठोपाठ १६७० सालीं त्रोंसेचा बंदोबस्त लावला. हेतु हा कीं, दोनशें वर्षांनीं फ्रान्सच्या आरमारास सरळ, उंच ओक मिळावे. पाणी व अरण्य हीं एकाच निर्बंधांत घालणाऱ्या त्या राज्यकर्त्यास, रान तुटलें कीं नदी बिघडते, हें आमच्या कित्येक आधुनिकांपेक्षां अधिक कळत होतें असें वाटतें. पुढें १७८८ सालीं रानांतच लोखंडाच्या भट्ट्या निघाल्या आणि त्यांनीं कोळशासाठीं पुष्कळसें रान खाऊन टाकलें. उरलेलीं झाडें जहाजांच्या वयाचीं झालीं तों जहाजें लोखंडाचीं झालीं होतीं. आतां त्रोंसेच्या ओकाचीं मद्याचीं पिंपें होतात. कोल्बेरच्या नांवानें राखलेल्या भागांत तीनशें वर्षांचे वृक्ष अजून उभे आहेत. त्यांच्यामधून जाणारा रस्ता अरुंद आणि सरळ आहे. शरदांत सायकलीच्या चाकाखालीं ओकाचीं फळें कुडकुडतात. संध्याकाळीं माजावर आलेल्या काळविटांसारख्या मोठ्या सांबरांची डरकाळी दूरवरून येते. ताशीं पस्तीस किलोमीटरांच्या वेगानें जाणारास ती ऐकूं येणार नाहीं, कारण त्याच्या कानांत स्वतःच्याच वेगाचा वारा भरलेला असतो. हें अलंकारिक बोलणें नव्हे. वाचकांनीं कोणत्याही उतारावर अनुभव घेऊन पाहावा.

आतां घातकपणाविषयीं. फ्रान्स सरकारनें १ जुलै २०१८ पासून दुभाजक नसलेल्या दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर मोटारींची वेगमर्यादा ताशीं ९० वरून ८० किलोमीटरांवर आणली. केवढा गिल्ला झाला! मिनिटें वाया जातात, खेड्यांतील मनुष्य मागें पडतो, अशी ओरड झाली, आणि २०१९ च्या कायद्यानें जिल्ह्यांना मर्यादा पुन्हां वाढविण्याची मुभा दिली. कित्येकांनीं ती घेतलीही. खेड्यांतील मनुष्यास मोटारीवांचून गति नाहीं हें आम्ही जाणतों, व त्याची अडचण खरी आहे. पण गांवाबाहेर सायकलस्वारास ओलांडतांना मोटारवाल्यानें दीड मीटर अंतर सोडावें असा तेथें नियम आहे; आणि अरुंद रस्त्यावर तें अंतर सोडावयाचें म्हणजे समोरचें वाहन जाईपर्यंत दहावीस सेकंद मागें रेंगाळलें पाहिजे. हे दहावीस सेकंद हेंच आमच्या जिवाचें संरक्षण. ज्यानें स्वतः ठाण्यावरच्या मिनिटांना 'वाया गेलीं' म्हटलें, त्यानें ते दुसऱ्याकडे कोणत्या तोंडानें मागावे? मोटारवाला त्याच्याच भाषेंत उत्तर देईल, "माझी सरासरी बिघडते." लहान रस्त्यावर हळू जाणें हा सर्वांचा हक्क आहे, असें म्हणण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांनींच तो घड्याळापाशीं गहाण टाकला आहे.

हें सर्व आम्हीं त्या स्नेह्यांना तोंडावर सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. रागावले नाहींत, हा त्यांचा मोठेपणा. २०२७ च्या खेपेस पुन्हां जावयाचें आहे, तेव्हां वाटेंतील नद्यांची एक यादी करून द्या, यंत्रांत भरून ठेवतों, म्हणजे पूल आला कीं शिटी वाजेल, असें ते म्हणाले. यादी देण्याचें आम्हीं नाकारलें आणि कपाटांतून फ्रान्सचा कागदी नकाशा काढून त्यांच्या हातीं ठेवला. त्यांनीं तो उलगडला नाहीं. तळहातावर ठेवून, भुंवया किंचित् आकुंचित करून, त्याचें वजन किती भरेल याचा अंदाज घेतला.