दुहीने घात केला? ओम्स्कच्या 'एकी'ची गोष्ट

१/८
रशियन यादवीत बोल्शेविकविरोधी 'श्वेत' पक्ष का हरला? आपल्याकडे उत्तर ठरलेले असते : दुहीने घात केला. १९१८ चा पूर्व रशिया पाहिला तर हे उत्तर अपुरे ठरते. #थ्रेड

२/८
जानेवारी १९१८ मध्ये बोल्शेविकांनी निवडून आलेली संविधान सभा पहिल्याच बैठकीनंतर मोडीत काढली. तिच्या काही सदस्यांनी जूनमध्ये, चेकोस्लोव्हाक सैन्याच्या आधाराने, व्होल्गाकाठी समारा येथे सरकार स्थापले. त्याचे नाव 'कोमुच'.

३/८
त्याच उन्हाळ्यात ओम्स्कमध्ये हंगामी सायबेरियन सरकार उभे राहिले. शत्रू एकच, पण वाद मूलभूत होता. शेतकऱ्यांच्या हाती आलेली जमीन कोमुचने मान्य केली. ओम्स्कने मालमत्ता जुन्या मालकांना परत करण्याचा हुकूम काढला.

४/८
ऑगस्टमध्ये कोमुचच्या फौजेने काझान घेतले. साम्राज्याच्या सुवर्णसाठ्याचा मोठा भाग हाती आला. पण सप्टेंबरात काझान गेले, ऑक्टोबरात समारा. सोने अखेर ओम्स्कला पोहोचले.

५/८
दरम्यान उफा येथील परिषदेत तडजोड होऊन पाच जणांची 'डिरेक्टरी' नेमली गेली. अध्यक्ष होते समाजवादी क्रांतिकारक पक्षाचे अव्हक्सेंत्येव. ती ओम्स्कला गेली, पण तिथली सत्तायंत्रणा तिची नव्हती. १८ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी कॉसॅकांनी अव्हक्सेंत्येव यांना अटक केली. मंत्रिमंडळाने ॲडमिरल कोल्चाक यांना 'सर्वोच्च शासक' केले.

६/८
म्हणजे हवी ती एकी झाली. एक शासक, एक राजधानी. जून १९१९ मध्ये दक्षिणेतील देनिकिन यांनीही कोल्चाक यांचे श्रेष्ठत्व मान्य केले. तरीही त्याच नोव्हेंबरात ओम्स्क पडले.

७/८
मॉस्को, पेत्रोग्राद, कारखाने, रेल्वेचे केंद्र लाल पक्षाकडे होते, हे खरेच. पण जमिनीचा अंतिम निर्णय कोल्चाक यांनी भावी राष्ट्रीय सभेवर ढकलला, आणि पिछाडीला सायबेरियातील शेतकरी बंड करून उठले. जानेवारी १९२० मध्ये इर्कुत्स्क येथे चेकोस्लोव्हाकांनी कोल्चाक यांना 'राजकीय केंद्रा'च्या स्वाधीन केले. त्यात प्रभाव होता समाजवादी क्रांतिकारकांचा, म्हणजे ज्यांची सत्ता त्या रात्री उलथवली होती त्यांचाच. पुढे शहर बोल्शेविकांकडे गेले. ७ फेब्रुवारीला कोल्चाक यांना गोळ्या घालण्यात आल्या.

८/८
दुही हा रोग नव्हता, लक्षण होते. जमीन कोणाची आणि राज्य कोणाच्या संमतीने, हे प्रश्न अनुत्तरित होते. बंदुकीच्या धाकाने मतभेद गप्प झाले, मिटले नाहीत. इतिहासात 'एकी हवी होती' असे म्हणताना पुढचा प्रश्नही विचारायला हवा : कशासाठी, आणि कोणाला वगळून?