गौरी, गोळी आणि तेरा वर्षांची मुलगी

श्रावण उतरणीला लागला की बोरिवलीतल्या माझ्या दवाखान्यात सर्दी-तापाच्या जोडीने एक ठरावीक मागणी सुरू होते. बाई आत येते, कंपाउंडर बाहेर गेला की नाही ते पाहते, खुर्ची पुढे ओढते आणि आवाज खाली आणून म्हणते, "डॉक्टर, गौरीत अडचण येणार. ती पुढे ढकलायची गोळी द्या ना." अठ्ठावीस वर्षे हे ऐकते आहे. मोठ्या बायकांपुरते होते तोवर मी फारसा विचार केला नाही, हे आधीच कबूल करते. तब्येतीची चौकशी करायची, रक्तदाब बघायचा, चिठ्ठी लिहायची.

गेल्या आठवड्यात एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी ही गोळी मागायला आली. मुलगी शेजारीच बसली होती, नजर वजनकाट्यावर. पाळी सुरू होऊन जेमतेम आठ महिने झालेले. आई काही वाईट नव्हती, उलट मुलीच्या मायेपोटीच आली होती. "अहो, दरवर्षी गौरीची पावलं हीच काढते, उंबऱ्यापासून थेट देवापर्यंत. मोदकाची पारी माझ्यापेक्षा हिची पातळ होते. या वर्षी बाजूला बसावं लागेल म्हटल्यापासून नीट जेवत नाही." मी मुलीला विचारले, तुझे काय म्हणणे आहे? ती म्हणाली, "गोळी चालेल मला. पण पावलं मीच काढणार."

मी गोळी दिली नाही. का दिली नाही ते वाचकांनाही सांगते, कारण ही गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणणारी घरे मला माहीत आहेत.

या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचे हार्मोन असते. पाळी यायच्या आधी काही दिवस ती सुरू करावी लागते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मळमळ, डोकेदुखी, छाती दुखणे, चिडचिड असे त्रास होऊ शकतात. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईने ती घेऊच नये. धडधाकट प्रौढ बाईने डॉक्टरांना दाखवून कधीतरी घेतली तर आभाळ कोसळत नाही. पण नुकत्या वयात आलेल्या मुलीची गोष्ट वेगळी. पहिली एक-दोन वर्षे पाळीचा नेम नसतो. कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. मग तारीख तरी कशाच्या आधारावर धरायची? अंदाजाने गोळ्या घालायच्या आणि तरीही ऐन गौरीपूजनाच्या दिवशी डाग दिसायचा. शिवाय आजार नसताना औषध कशासाठी? घरातली बसण्याची जागा बदलू नये म्हणून?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी मुलगी आज नोकरी करते. ती तेरा वर्षांची असताना आमच्या घरी गौरी-गणपती होते आणि सासूबाईंचे सोवळे कडक. वाद नको म्हणून मी तिला ही गोळी दिली. मी, एम.बी.बी.एस. झालेली बाई! दोन दिवस तिला उलट्यांची भावना होत होती, ती मी जागरणावर ढकलली. गौरी जेवायच्या दिवशी दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. तिने कोणाला सांगितले नाही. जुन्या रुमालाची घडी ठेवून ती संध्याकाळपर्यंत पाने वाढत होती, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या पाया पडत होती. न बदलता सात-आठ तास. चार दिवसांनी मांड्या सोलवटून पुरळ उठले, चालवेना, तेव्हा रडत माझ्यापाशी आली. पुरळाला मलम लावले, ते आठवड्यात बरे झाले. पण ती मला म्हणाली, "आई, मला सारखं वाटत होतं की माझ्यामुळे घरात काहीतरी वाईट होणार." हे वाक्य मी विसरलेले नाही.

मुले सणात हवीत, त्यांना संस्कार कळायला हवेत, असे आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणते. पण मुले सणात येतात ती हातात काम मिळाले की. पाटावर बसवून "हलू नकोस, शिवू नकोस" म्हटले की ती मोबाईल घेऊन आतल्या खोलीत जातात, आणि मग आपणच त्यांना नावे ठेवतो. आमच्या उपनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात तर मूल लुडबुडते म्हणून त्याला टीव्हीपुढे बसवून मोदक बाहेरून मागवतात. मखरही तयार. मग त्या मुलाने आठवण कशाची ठेवायची?

पत्रीचेच बघा. एकवीस पत्री मुलांकडून निवडून, मोजून घ्या. माका कोणता, आघाडा कोणता, शमी कशी दिसते, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा इथे पक्के होते. एक काळजी मात्र डॉक्टर म्हणून सांगायलाच हवी. त्या जुडीत धोतरा, कण्हेर आणि रुईही असते. धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत, तोंडात घालायच्या नाहीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवून डॉक्टरकडे न्यावे, चोळू नये. मुलांना हे समजावून सांगा आणि नंतर हात धुवायला लावा. एवढ्यासाठी पत्री लपवून ठेवायची गरज नाही.

हरतालिकेचा निर्जळी उपास मात्र शाळकरी मुलींना करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या जवळजवळ साठ मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. अशी मुलगी दिवसभर पाण्याशिवाय राहिली की संध्याकाळी चक्कर येऊन पडते. दरवर्षी एक-दोन जणी माझ्याकडे येतातच. फळे, दूध, पाणी घेऊन तिने वाळूची पिंड करावी, फुले वाहावीत.

तुम्ही म्हणाल, ही मुंबईची गोष्ट, आमच्याकडे रीतच तशी आहे. पण गणपतीला बोरिवलीहून भरून सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांतून हीच नातवंडे तुमच्याकडे येतात. आणि रीत म्हणाल तर ती बदलते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या लग्ने लावतात, मुंजी लावतात. तिकडे नेपाळात पाळीच्या दिवसांत मुलींना गोठ्यासारख्या झोपडीत ठेवण्याची चाल होती. धुराने गुदमरून, साप चावून मुली दगावल्या, तेव्हा 2017 साली तिथल्या संसदेने तो गुन्हा ठरवला. आपल्या गडचिरोलीतही कुर्माघरे आहेत. गावाबाहेरची ती झोपडी पाहून आपण हळहळतो. आपल्या घरातला कोपरा तेवढा वाईट नाही, हे खरे. पण त्यात बसणारी मुलगी त्याच वयाची असते.

त्या आईला मी म्हटले, "ताई, गोळी नको. वाटल्यास सासूबाईंना इथे घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी." ती जरा घुटमळली. "त्या यायच्या नाहीत हो. पण यांना सांगून बघते." मुलीला मी वेगळे बसवून पॅड चार ते सहा तासांनी बदलायचे, पाहुणे असले तरी बदलायचे, पोटात फार दुखले किंवा पॅड दर तासाला भिजायला लागले तर आईला सांगायचे, हे समजावले. तिने विचारले, "आणि आजी ओरडली तर?" तिला द्यायला माझ्याकडे औषध नव्हते. मी तिला आमच्या घरचे सांगितले. माझ्या सासूबाई आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या पुरळाच्या वर्षानंतर दोन वर्षे आमच्यात या विषयावर अबोला होता. तिसऱ्या वर्षी गौरी आणायच्या वेळी त्यांनी नातीला हाक मारली, तांदळाच्या पिठाची वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू काढ. मला आता वाकवत नाही." तारीख त्यांनी विचारली नाही, आम्हीही सांगितली नाही.