चांदीची लेखणी

चांदी घ्यावी ती वाटी-चमच्याची, निरांजनाची, नाहीतर लक्ष्मीपूजनाच्या नाण्याची, असे आपल्या घरोघरचे शास्त्र आहे. पेन त्यात बसत नाही. म्हणूनच गेल्या वर्षी मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून चांदीचे पेन आणले, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "मोडीत किती येतील?"

प्रश्न रास्त होता. मोडलेल्या पैशांच्या मानाने फारच थोडे येतील. पेनात चांदी ती केवढी! टोपण आणि नळी, दोन्ही पातळ पत्र्याची. शिवाय स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकीचे ७५ भाग बहुधा तांबे. निव्वळ चांदी मऊ, म्हणून ही भेसळ मुद्दाम करतात. तेव्हा वाचकहो, असले पेन सराफाच्या काट्यावर तोलून घेऊ नये. कागदावर चालवून घ्यावे.

माझे पेन पार्कर ७५. कंपनी १८८८ सालची. तिच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, १९६३-६४ साली हे निघाले. तेव्हा अमेरिकेत त्याला २५ डॉलर पडत. अंगावर बारीक चौकड्या कोरलेल्या आणि त्यांच्या खाचा मुद्दामच काळसर ठेवलेल्या. दुकानदार म्हणाला, "घासून लखलखीत करून देतो." मी हात जोडले! निब १४ कॅरट सोन्याची. हाताच्या कलाप्रमाणे ती थोडी फिरवूनही घेता येते. मी टोपणावरचा 'स्टर्लिंग' शब्द पाहिला, निबची दोन्ही टोके सारखी आहेत ना ते भिंगातून पाहिले, शाईत बुडवून इंग्रजी आठाचे आकडे काढले. कुठे खरखर नाही अशी खात्री झाली, तेव्हाच खिशात हात घातला.

"एवढ्या पैशांत जन्मभराच्या रिफिली आल्या असत्या," हे चिरंजीवांचे मत. हिशेब बरोबर आहे. पण आमची ताई साताऱ्यास असते. वय चौऱ्याऐंशी. आता तिला फोनवरचे काही ऐकू येत नाही, आणि बॉलपेनची फिकट अक्षरे चष्म्यातून दिसत नाहीत. माझ्या अंगठ्यात संधिवात. बॉलपेन दाबून लिहिले की रात्रभर ठणका. शाईचे पेन नुसते टेकवले की लिहिते. म्हणून दर रविवारी काळ्याभोर शाईत, ठसठशीत अक्षरांत चार पाने ताईला जातात. परवा तिचे कार्ड आले : "अक्षर सुधारले आहेस. आता ऱ्हस्वदीर्घाकडे पाहा." आठवड्याला एवढे तरी बोलणे आमच्यात उरले आहे, ते या पेनामुळे.

कोणाला असे पेन घ्यायचे असेल, तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. चित्रकलेची पक्की शाई त्यात कधी भरू नये. ती आत वाळून बसते. महिन्या-दोन महिन्यांनी थंड पाण्याने धुवावे. गरम पाणी नको. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाच्या अंशाने. रबरातही गंधक असते, म्हणून पेनाला रबरबँड गुंडाळू नये. पण सर्वांत सोपा उपाय म्हणजे रोज लिहावे. हातात फिरणारी चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा उजळ राहते.

आणि लिहायला कोणी नाही, असे म्हणू नका. फोन न ऐकू येणारे एखादे माणूस तुमच्याही नात्यात असेल. या दिवाळीत त्याला चार ओळी पाठवा. पेन साधे असले तरी चालेल.