पिन बसली म्हणजे वीज जुळली असे नाही

पांढुर्णा-सौसरकडील अनेक घरांतील लेकी-लेक आज परदेशात आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला निघाली, की बॅगेत डिंकाच्या लाडवांबरोबर मिक्सरही जातो. "पिनेचे काय, तिकडे ॲडॉप्टर मिळेल," असे कुणीतरी सांगतोच. खरा घोटाळा इथेच होतो.

ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार जुळवतो, विजेचा दाब बदलत नाही. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर १०० व्होल्टच. त्यामुळे आपला मिक्सर अमेरिकेत रडतखडत फिरतो आणि पाणी तापवायचा रॉड जेमतेम चौथाई उष्णता देतो. दाब निम्मा झाला, की उष्णता निम्म्याची निम्मी होते. खरा धोका उलट बाजूने आहे. तिकडून कुणी १२० व्होल्टची इस्त्री प्रेमाने आणली आणि इथे लावली, तर ती जवळजवळ पावणेचारपट उष्णता ओढते. इस्त्री जळते, प्रसंगी आगही लागते.

दुबई, लंडन, सिंगापूर येथे दाब जवळपास आपल्याइतकाच, पण पिना तीन आणि चौकोनी. इंग्लंडातही पूर्वी आपल्यासारख्या गोल पिना होत्या. १९४७ मध्ये तिथे चौकोनी पिनेचे मानक आले, आपण गोलच ठेवल्या. या सॉकेटची खालची छिद्रे अर्थिंगची वरची पिन आत गेल्यावरच उघडतात. काही जण तिथे पेन खुपसून दोन पिनांचा प्लग बसवतात. असे कदापि करू नये. इस्त्री, किटली यांना अर्थिंग हवेच. तेच शॉकपासून वाचवते.

मग करावे काय? निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूवरील 'इनपुट'ची ओळ वाचावी. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असेल, तर साधा ॲडॉप्टर पुरे. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. नुसते '२३० व्होल्ट' असेल, तर ती वस्तू अमेरिकेला नेऊ नये. आजी-आजोबांच्या नेब्युलायझरची ओळ तर आधी पाहावी. ऐनवेळी तो चालला नाही तर जीवावर बेतू शकते. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला त्याहून मोठा लागतो, तो जड असतो आणि हर्ट्झ बदलत नाही. त्यापेक्षा भारतीय पद्धतीचे ११० व्होल्टचे मिक्सर तिकडेच मिळतात, ते घ्यावेत. बॅगेत तेवढीच जागा लाडवांना मिळेल!